भायखळ्याच्या तुरुंगातला प्रयोग

आजच्या विज्ञान पदवीधरांनो,

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. पाठोपाठ जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःलाच टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी तयार झाले त्यांना लस दिली, बाकीचे तसेच राहिले. तुरुंग तोच, अन्नपाणी तेच. लस घेतलेल्यांत रोग कमी दिसला.

तुम्ही लगेच विचाराल, गट चिठ्ठ्या टाकून पाडले होते का? नव्हते. शंका रास्त आहे आणि ती फेडायची साधनं आपल्या पद्धतीकडेच आहेत: मोठी संख्या, चोख नोंदी. पण बंदिवानाने दिलेला होकार कितपत त्याचा? इथे हजार कैदी मोजले तरी उत्तर हाती येत नाही.

त्याच वर्षी पुण्यात प्लेग समितीचे प्रमुख रँडसाहेब यांच्या हुकमाने गोरे सोजीर रोगी शोधायला घराघरांत घुसत होते. प्लेगचा जंतू येरसँ यांनी १८९४ मध्येच हाँगकाँगला शोधला होता. पिसवांचा हात सिमाँ यांनी कराचीत दाखवला तो १८९८ मध्ये. म्हणजे पुण्यात घरं धुपवणं, सामान जाळणं जोरात चाललं होतं आणि पिसवा मोकळ्या होत्या. ही उणीव पुढच्या संशोधनाने भरून काढली. पण समजा, रँडला पिसवांचं सगळं ठाऊक असतं, तरी सोजिराने बायकांच्या माजघरात पाऊल टाकावं की नाही, हे सूक्ष्मदर्शकात दिसलं नसतं. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या.

आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये सावित्रीबाई फुले मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन हडपसरजवळच्या दवाखान्याकडे निघाल्या. १० मार्चला प्लेगनेच त्या गेल्या. संसर्गाचा धोका किती, हे विज्ञान सांगू शकतं. तो पत्करावा का, याचा हिशेब त्यात बसत नाही.

विज्ञानाची मर्यादा म्हटलं की काही मंडळी लगेच पंचांग आणि अंगारा घेऊन पुढे सरसावतात. त्यांना सांगा, लस काम करते की नाही हे आजही प्रयोगानेच ठरतं. विज्ञानाची ती खुर्ची रिकामी झालेली नाही.

उद्या तुमच्यातले काही समित्यांवर बसतील. समोर कागद येईल, ‘शास्त्रीयदृष्ट्या आवश्यक’ असा शिक्का मारलेला. सही करण्याआधी त्यातलं मोजलेलं काय आणि आपण ठरवलेलं काय, हे वेगवेगळं लिहून मागा. आणि जे ठरवलेलं असेल त्याची जबाबदारी विज्ञानावर ढकलू नका, स्वतःच्या नावाने घ्या.