मडके, कुंभार आणि ईश्वर
(व्याख्यान)



ईश्वर आहे हे तर्काने शाबीत करता येते काय, हा आजचा विषय. विषय मोठा खरा, पण त्याला लागणारे सामान तुमच्या घरातच आहे, ते म्हणजे एक मडके. सुमारे हजार वर्षांपूर्वी मिथिलेकडे उदयनाचार्य नावाचे न्यायशास्त्री होऊन गेले. ईश्वर सिद्ध करण्यासाठीच त्यांनी 'न्यायकुसुमांजली' हा ग्रंथ रचला. ग्रंथ संस्कृतात असल्यामुळे तो कुंभार-कोष्ट्यांच्या वाट्याला आला नाही. त्यातील दृष्टांत मात्र कुंभाराचे आणि कोष्ट्याचेच. तेव्हा ज्यांच्या धंद्यावर ही इमारत उभी केली, त्यांनी तिचा पाया तपासला तर त्यात गैर ते काय?

उदयनांचे पहिले प्रमाण थोडक्यात असे. मडके हे कार्य आहे, म्हणजे आधी नव्हते, मग झाले. प्रत्येक कार्याला कर्ता असतो, जसा मडक्याला कुंभार. पृथ्वी आणि अंकुर हीही कार्येच, म्हणून त्यांनाही कर्ता हवा. कर्ता कोणाला म्हणावे, हेही नैयायिकांनी नेमके सांगितले आहे. ज्याला मालाची प्रत्यक्ष ओळख आहे, करण्याची इच्छा आहे आणि जो तसा प्रयत्न करतो, तो कर्ता. ही व्याख्या आम्हांला फार आवडली. माती ओळखणारा, मनात आकार धरणारा आणि हात चालवणारा, असे कुंभाराचे चोख वर्णन पंडितांच्या लेखणीतून क्वचितच उतरले असेल. आता पृथ्वीचा माल म्हणजे परमाणू. ते ज्याला प्रत्यक्ष कळतात तो सर्वज्ञच असणार, आणि तोच ईश्वर, असा हा युक्तिवाद.

रानात खापर सापडले की 'इथे कोणा कुंभाराचा हात लागला' असे आपण बेधडक म्हणतो. का? चाक फिरताना आणि आवा पेटताना आपण पाहिला आहे म्हणून. खापर मातीचे आहे एवढ्यावरून नव्हे. वारूळही मातीचेच असते, त्यालाही भिंती असतात, आत पोकळी असते. म्हणून ते कुंभाराने घडवले काय? ही शंका आमची नव्हे. बौद्ध पंडित धर्मकीर्ती यांनी उदयनांच्या कित्येक पिढ्या आधी ती काढून ठेवली होती, आणि विक्रमशीला विहारातील रत्नकीर्ती यांनी अकराव्या शतकात 'ईश्वरसाधनदूषण' लिहून उदयनांच्या पक्षाचे असे अनुमान खोडून काढले. वारुळाची गंमत अशी की ते वाळवी बांधते, आणि हजारो वाळव्यांत एकही अशी नसते की जिच्या मनात सबंध वारुळाचा नकाशा आहे. तेव्हा 'कार्य' हे एकच नाव दिले म्हणून मडके, वारूळ आणि डोंगर यांचा जन्म एकाच रीतीने झाला असे ठरत नाही.

यावर नैयायिकांचे उत्तर आहे, आणि ते हसण्यावारी नेण्याजोगे नाही. आपण विचारतो, न पेरता गवत उगवते, त्याचा कर्ता कुठे दिसतो? ते म्हणतात, गवत हेच तर वादात आहे. वादातली वस्तू आमच्याविरुद्ध पुरावा म्हणून कशी आणता? म्हणणे रास्त आहे. दोन भावांत बांधाचा तंटा असता त्याच बांधाकडे बोट दाखवून कोणालाच हक्क शाबीत करता येत नाही. पण मग हा कायदा दोन्ही भावांना लागू. गवत, नद्या, डोंगर बाजूला काढले की नियम बांधायला काय उरते? मडके, कापड, नांगर, घर. या साऱ्यांच्या कर्त्यांना हात लागतात, हत्यारे लागतात, आणि एका घराला गवंडी, सुतार, लोहार असे अनेक जण लागतात. हातांवाचून काम करणारा, एकटा, सर्वज्ञ असा कर्ता या उदाहरणांतून निघत नाही. तो बाहेरून आणून बसवलेला आहे.

उदयनांचे आणखी एक प्रमाण कारागिरांनी मुद्दाम ऐकावे. कोष्टी विणणे बापाकडून शिकला, बाप आजाकडून. असे मागे जाता कोणाकडूनही न शिकलेला पहिला गुरू लागतो, तो ईश्वर. सृष्टीच्या आरंभी तोच कुंभारादिकांचे रूप घेऊन कला शिकवतो, असेही ते सांगतात. ऐकायला गोड वाटते. पण चीनमधील शिएनरेनडोंग गुहेत सुमारे २०,००० वर्षांपूर्वीची खापरे मिळाली असल्याचे २०१२ साली प्रसिद्ध झाले. ती चाकावरची नव्हेत, हाताने घडवलेली. चाक त्यानंतर हजारो वर्षांनी आले. सर्वज्ञ गुरूचा धडा पहिल्याच दिवशी मिळाला असता तर चाकाला एवढा उशीर का व्हावा? आम्ही पडलो शाळामास्तर. गुरूला येत नव्हते ते शिष्याने करून दाखवलेले आम्ही पुष्कळदा पाहतो. साखळीच्या शेवटी सर्वज्ञ असलाच पाहिजे असे नाही. थोडे जाणणाऱ्यांची रांग पुरते. त्या रांगेतल्या बायाबापड्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. त्यांची मेहनत एकदम वरच्या खात्यावर जमा करणे आम्हांला पटत नाही.

आता खरी मेख. याच ईश्वराच्या आधारे उदयन वेदांचे प्रामाण्य उभे करतात. पण मडक्यावरून कुंभार ओळखता आला, तरी त्याने कोणती पोथी लिहिली हे मडके सांगत नाही.

आमच्यापैकी पुष्कळ जण जोतीराव फुल्यांच्या शब्दाने देवास निर्मीक म्हणतात. कर्त्याचे हे प्रमाण पडले तर निर्मीकही गेला काय, अशी धास्ती कोणी घेऊ नये. खत खोटे ठरले म्हणून शेत नाहीसे होत नाही. त्या खताच्या जोरावर कबजा तेवढा सांगता येत नाही. शेत आहे की नाही, हे आजच्या चर्चेने ठरलेले नाही.

उदयनांच्या बाजूने ज्यांना बोलायचे असेल त्यांनी आता पुढे यावे. आम्ही ऐकायला बसतो.