खोटे पकडणारे यंत्र आणि नोकरीचा अर्ज

(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



आपल्या काटोल भागातील कितीतरी मुले पोलीस आणि रेल्वे भरतीची तयारी करीत असतात. त्यांच्या मनात एक शंका येते, "सरकारी नोकरीसाठी खोटे पकडण्याच्या यंत्रावर बसवतात का?" त्याविषयी आज दोन शब्द बोलतो.

'लाय डिटेक्टर' हे यंत्र खोटे पकडीत नाही. ते श्वास, नाडी, रक्तदाब आणि बोटांचा घाम मोजते. म्हणजेच मनाची धडधड मोजते. ही धडधड लबाडाला होते, तशीच नोकरीच्या आशेने आलेल्या प्रामाणिक मुलालाही होते.

अमेरिकेत सरकारी गुप्तहेर खात्यांत ही चाचणी घेतात. तेथील ऑल्ड्रिच एम्स हा अधिकारी सोव्हिएत रशियाला गुपिते विकीत असताना १९८६ आणि १९९१ अशा दोन्ही वेळी चाचणीत पास झाला! तो पकडला गेला १९९४ साली. पुढे २००३ मध्ये तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेने एक हिशेब मांडला. दहा हजार कर्मचाऱ्यांत दहा हेर आहेत असे धरा. त्यांतले आठ सापडावेत इतकी चाळणी बारीक केली, तर जवळजवळ सोळाशे निर्दोष माणसेही त्यात अडकतात. आणि दोन हेर सुटतात ते सुटतातच.

आपल्याकडे हा प्रश्न नोकरीच्या नव्हे, तर गुन्ह्याच्या तपासात आला. बनावट मुद्रांक प्रकरणात २००४ साली मुंबई उच्च न्यायालयाने अशा चाचण्यांना मान्यता दिली होती. परंतु ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात सांगितले की, माणसाच्या संमतीवाचून अशी चाचणी घेता येणार नाही. आरोपीलाही जेथे हे संरक्षण आहे, तेथे पोलीस भरतीच्या उमेदवाराने यंत्राला भिण्याचे कारण नाही.

मित्रांनो, आपली खरी परीक्षा कागदावर असते. निवड झाल्यावर साक्षांकन नमुना भरावा लागतो. गुन्हा दाखल झाला होता काय, अटक झाली होती काय, खटला चालला काय, असे त्यात विचारतात. धुऱ्याच्या भांडणात नाव आलेला मुलगा म्हणतो, "मी तर निर्दोष सुटलो, मग कशाला लिहू?" आणि 'नाही' लिहून मोकळा होतो. पुढे पोलीस पडताळणीत ती नोंद निघते, आणि हाती आलेली नोकरी जाते. गुन्ह्यापायी नव्हे, लपविल्यापायी.

२०१६ साली अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याचे नियम घालून दिले. माहिती खरीच द्यावी. तरुण वयातील क्षुल्लक प्रकरण लपविले गेले असेल, तर वरिष्ठांना विवेकाने ते माफ करता येते. मात्र खरे सांगितले म्हणून नोकरी द्यावीच लागते असेही नाही. तरीसुद्धा खरे सांगणाऱ्याला आपली बाजू मांडायला तोंड राहते. लपविणाऱ्याला तेही उरत नाही.

म्हणून प्रत्येक प्रश्न नीट वाचा. खटला झाला असेल तर निकालाची नक्कल काढून ठेवा. भरलेल्या नमुन्याची प्रत घरी जपून ठेवा. पालकांनीही "लिहू नको, कोणाला कळते?" असा सल्ला देऊ नये. आणि आम्ही शिक्षकांनी भरतीच्या दिवसांत अशा मुलांना जवळ बसवून अर्ज भरून घ्यावेत, अशी माझी संस्थेला नम्र विनंती आहे.