चिमणीचं दार आणि कावळ्याचं घर



सोनईत बालसाहित्याविषयी बोलायचं, तर सुरुवात चिऊ-काऊच्या गोष्टीपासून करावी. आपल्याच तालुक्यात, नेवाशाला 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. त्याच शतकातल्या लीळाचरित्रात ही गोष्ट सापडते. तिच्या एवढ्या दीर्घ आयुष्याचं श्रेय बोलणाऱ्या पाखरांना देऊन आपण मोकळे होतो. मला ते पटत नाही. पाऊस कोसळतो, कावळ्याचं शेणाचं घर वाहून जातं, तो दार ठोठावतो आणि चिमणी आत काय करत असते? बाळाला न्हाऊ घालते, अंग पुसते, काजळ-तीट लावते, निजवते. गोष्टीचा बराचसा भाग या कामांनीच व्यापलेला आहे आणि मुलं पुन्हा पुन्हा मागतात तोही हाच. भोपळ्यातल्या म्हातारीचंही तसंच. भोपळा चालू लागतो तो परतीच्या वाटेवर. त्याआधी लेकीकडे तूप-रोटी खाऊन म्हातारी चांगली गुबगुबीत झालेली असते. आंघोळ, काजळ, पोटभर जेवण ही रोजची सुखं रोजची म्हणूनच नजरेतून सुटतात. जादूच्या निमित्ताने ती मुलाला दिसू लागतात, असं माझं म्हणणं आहे.

यावर पहिला आक्षेप अंधश्रद्धेचा. ज्या महाराष्ट्राने 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला, तिथे मुलांना चमत्कार कशाला सांगायचे? आक्षेपामागची तळमळ खरी आहे. पण भोंदू बाबा विश्वास मागतो, पैसे मागतो आणि प्रश्न विचारणाऱ्याला गप्प बसवतो. गोष्ट यातलं काहीच मागत नाही. मूल दुपारी भोपळ्याची गाडी करतं आणि रात्री भोपळ्याची भाजी खातं. खरं आणि खोटं-खोटं यांतली सीमा ते खेळता खेळता शिकतं. हा सराव ज्याला लहानपणी मिळाला, तो पुढे बाबाला सहजी फसणार नाही, असं मला वाटतं.

दुसरा आक्षेप जड आहे. इथल्या मुळा कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. पाचट, बांबू, ताडपत्री. पहाटेच आईबाप फडात, धाकटा थोरल्या बहिणीच्या कडेवर, शाळा मागे गावी. या मुलांना जादू सांगणं म्हणजे त्यांच्या हालांवर पांघरूण घालणं नव्हे का? गोष्ट शाळेची किंवा मजुरीची जागा घेऊ शकत नाही, हे आधीच मान्य करतो. पण पावसात घर वाहून जाणं म्हणजे काय, हे कोपीतल्या मुलाला आपल्याहून जास्त कळतं. धाकट्याला न्हाऊ घालणारी ती बहीण स्वतःच चिमणीच्या जागी आहे आणि घर जाण्याची धास्तीही तिचीच आहे. दार उघडायला एवढा उशीर का, हे ती नक्की विचारील. आपण लेखकांनी मात्र शहाणी चिमणी, आळशी कावळा असं तात्पर्य चिकटवून तो प्रश्नच बुजवला. ते तात्पर्य क्रूर आहे. घर शेणाचं असणं हा कावळ्याचा गुन्हा नव्हता.

म्हणून इथे जमलेल्या लेखकांना आणि शिक्षकांना माझी विनंती आहे. यंदाच्या हंगामात मजुरांच्या तळावर जा, साखरशाळेत बसा. बीड-पाथर्डीकडच्या आयाबाया ही गोष्ट कशी सांगतात, ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. आणि आपलं नवं लेखन छापायला देण्याआधी तिथल्या मुलांना वाचून दाखवा.