हौशी गायन आणि आपली कुटुंबे
(समाजाच्या तेल्हारा येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



शिक्षण, शेती व विवाह या नित्याच्या विषयांवर येथे विचारविनिमय होत असता मी गाण्याविषयी बोलावयास उभा राहिलो आहे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. तथापि हा विषय आता केवळ करमणुकीचा राहिलेला नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आपल्या या कापसाच्या गावातही आज अशी कितीतरी घरे आहेत की, जेथे दिवसाची कामे उरकल्यावर कोणी मुलगी, कोणी सून, कोणी निवृत्त शिक्षक खोलीचे दार लावून घेतात, मोबाईलवर केवळ वाद्यांची साथ असलेला ‘कराओके’ लावतात, एखादे आवडते गीत आपल्या गळ्यातून गातात, आणि ते यूट्यूबवर अथवा नातलगांच्या व्हॉट्सॲप समूहात पाठवितात. दुसऱ्याने गाऊन प्रसिद्ध केलेले गीत असे पुन्हा गाणे, यास तरुण मंडळी ‘कव्हर’ म्हणतात. या छंदावरून काही घरांत कुरबुरी होऊ लागल्या आहेत, आणि स्थळ पाहताना त्याची चौकशीही होऊ लागली आहे. तेव्हा या प्रश्नाचा शांतपणे विचार करणे आपले कर्तव्यच आहे.

प्रथम हे पाहू की, ही गोष्ट खरोखरीच नवी आहे काय? मला तसे वाटत नाही. साधन नवे आहे, वृत्ती जुनीच आहे. १८८२ साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यातील पदांना साकी, दिंडी आणि लोकांच्या ओठांवर आधीच असलेल्या अनेक चाली त्यांनी वापरल्या. जुन्या संगीत नाटकांची पुस्तके उघडून पहा. पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून आधीच्या एखाद्या गीताचा निर्देश केलेला आढळेल. ऐकलेली चाल उचलावी आणि ती उचलली असे उघडपणे सांगावे, ही आपल्या नाट्यसंगीताची प्रामाणिक रीत होती. आणि आपल्या वऱ्हाडात तर गावोगावची भजनी मंडळे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजने खंजिरीच्या तालावर पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलेली आहेत. त्यांत गाणारे धंद्याने गवई नव्हेत. ते शेतकरी, शिंपी, दुकानदार आणि मास्तर आहेत.

‘गीतरामायणा’चे उदाहरण आपणां सर्वांस ठाऊक आहे. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून त्याचा प्रारंभ झाला. ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडक्यांच्या चाली असलेली ५६ गीते वर्षभर प्रसारित झाली. नभोवाणीवर ती निरनिराळ्या गायक-गायिकांनी गायिली होती. पुढे फडक्यांनी ती सर्व एकट्यानेच रंगमंचावर गायिली. आणि त्यानंतर महाराष्ट्रात क्वचितच असे गाव राहिले असेल की, जेथे कोणा हौशी गायकाने रामनवमीस ती म्हटली नाहीत. मूळ गायन यामुळे उणे झाले काय? उलट, त्या गीतांचे आयुष्य वाढले ते या घरगुती गळ्यांमुळेच.

हौशी माणसाचे गाणे म्हणजे हलके गाणे, असाही एक समज आहे. त्यावर आपल्याच जिल्ह्याने उत्तर दिलेले आहे. पंडित वसंतराव देशपांडे यांचा जन्म १९२० साली मूर्तिजापूर येथे झाला. हा अलौकिक गवई कित्येक वर्षे लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करीत होता, आणि १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकातील खाँसाहेबांनी त्यांना घरोघरी पोहोचविले. अर्थात प्रत्येक कारकून वसंतराव होत नाही. परंतु नोकरी, शेती वा संसार करणाऱ्याने गाऊच नये, हे म्हणणे त्यांच्या जिल्ह्यातील लोकांस तरी शोभत नाही.

आता अनुकरणाचा आक्षेप घेऊ. “हे तर दुसऱ्याची नक्कल करतात,” असे आपण ऐकतो. या आक्षेपात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. मुकेश यांनी १९४५ च्या ‘पहली नजर’ या चित्रपटात गायिलेले गीत सैगल यांचेच वाटावे इतके त्यांच्या वळणाचे होते. परंतु मुकेश तेथे थांबले नाहीत. त्यांनी आपला गळा शोधला, म्हणून ते मुकेश झाले. उलट बाजूने पहा. लता मंगेशकरांसारख्या गायिकेनेही १९९२ साली ‘श्रद्धांजली’ या ध्वनिमुद्रिकेत सैगल, रफी, मुकेश, किशोरकुमार आदींची गीते मुद्दाम गायिली. ती नक्कल नव्हती; ते ऋणमोचन होते. २०१९ मध्ये बंगालमधील राणाघाट स्थानकावर लताबाईंचे एक गीत गाणाऱ्या राणू मंडल यांची चित्रफीत देशभर पसरली, तेव्हा लताबाईंनी आनंद व्यक्त केला आणि त्याचबरोबर अनुकरण हा यशाचा टिकाऊ सोबती नव्हे असेही बजाविले. अनुकरणाने शिकावे, परंतु अनुकरणात राहू नये, हा यातील बोध आपल्या मुलांस सांगण्यासारखा आहे.

यापुढे मी जे बोलणार आहे, ते काहींना रुचणार नाही. पण ते बोलण्यासाठीच मी येथे आलो आहे. मुलगा गाऊ लागला तर आपण त्यास हौस म्हणतो, मुलगी गाऊ लागली तर “लग्नाच्या वेळी काय सांगायचे?” असे विचारतो. विवाहाची बोलणी सुरू होताच मुलीने आपली गीते काढून टाकावीत, अशी अट काही ठिकाणी घातली जाते. आणि मुलीचे आईबापही, स्थळ हातचे जाऊ नये म्हणून, मुकाट्याने ती मान्य करतात. चार वर्षे रात्री जागून जमविलेली पंचवीस-तीस गीते एका क्षणात पुसली जातात. त्या मुलीने कोणता अपराध केला? शंभर वर्षांपूर्वी चांगल्या घरच्या स्त्रीने चारचौघांत गाणे निंद्य मानले जाई. हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिका १९२०च्या दशकात जाहीर मैफलीत तिकीट काढून आलेल्या श्रोत्यांपुढे सन्मानाने गायिल्या, आणि सामान्य घरांतील मुलींसाठी संगीताच्या शाळेची वाट मोकळी झाली. त्या वाटेने आपल्या आया-मावश्या पेटी शिकल्या. मग त्यांच्या नातींना आपण पुन्हा दाराआड का ढकलावे? औरंगाबादच्या कडूबाई खरात एकतारीवर भीमगीते गात, आणि लोकांनी मोबाईलवर टिपलेल्या त्यांच्या गाण्याने त्यांना महाराष्ट्रभर मान मिळवून दिला. दारिद्र्यातील स्त्रीला जो मान जनतेने दिला, तो आपल्या सुशिक्षित मुलीला आपल्याच घराने नाकारावा, हे योग्य नव्हे.

वडील मंडळींची काळजी निराधार आहे, असे मात्र मी मुळीच म्हणत नाही. अनोळखी माणसे अभद्र अभिप्राय लिहितात. छायाचित्रांचा दुरुपयोग होतो. परंतु यावर उपाय आहेत. चेहरा न दाखविता केवळ आवाज देता येतो. गीत केवळ परिचितांपुरते ठेवता येते. अभिप्रायांची जागा बंद करता येते. अल्पवयीन मुलांचे खाते आईबापांनी स्वतःच्या हाती ठेवावे. रस्त्यावर गाड्या आहेत म्हणून आपण मुलीची शाळा बंद करीत नाही. तिला रस्ता ओलांडावयास शिकवितो.

कायद्याविषयीही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. गीताचे शब्द कवीचे, चाल संगीतकाराची, आणि ध्वनिमुद्रण ते काढणाऱ्या कंपनीचे, असे तीन वेगळे हक्क १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात आहेत. शब्द व चाल यांवरील हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो. माडगूळकर १९७७ साली निवर्तले. म्हणजे त्यांच्या शब्दांवरील हक्क २०३७ च्या अखेरपर्यंत राहील. तुकोबांचे अभंग सर्वांचे आहेत. पण श्रीनिवास खळ्यांनी त्यांना लावलेली चाल खळ्यांची आहे. २०१२ च्या दुरुस्तीनुसार, परवानगीवाचून गीताची नवी आवृत्ती काढून विकावयाची असल्यास मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षे थांबावे लागते, पूर्वसूचना द्यावी लागते व स्वामित्वधन आगाऊ भरावे लागते. घरात बसून गाण्यास कोणाची हरकत नाही; प्रश्न येतो तो जगापुढे ठेवताना. यूट्यूबने २००७ पासून गीत आपोआप ओळखणारी यंत्रणा बसविली आहे. हक्कदाराची इच्छा असेल तर गीत अडविले जाते, अथवा त्यावरील जाहिरातीचे उत्पन्न त्याच्याकडे वळते. अशी सूचना आली म्हणजे पोलीस दारी येतील, या भीतीने घाबरू नये. आणि या छंदातून घर चालेल अशा भ्रमातही राहू नये. कवी, संगीतकार व मूळ गायक यांची नावे प्रत्येक गीताखाली आवर्जून लिहावीत. त्याने परवानगी मिळत नाही हे खरे. परंतु ‘चाल’ छापणाऱ्या आपल्या पूर्वजांची ती रीत आहे.

गाणाऱ्यांस थोडे व्यवहाराचे सांगतो. मूळ गायिकेच्या पट्टीत गाण्याचा हट्ट धरू नये. कराओकेची पट्टी उतरविता येते, आणि ताणलेल्या काळी पाचपेक्षा सुखाची पांढरी दोन बरी. कानात तारेचा इअरफोन घालावा. बिनतारी यंत्रात आवाज किंचित उशिरा पोहोचतो व ताल चुकतो. पंखा बंद करावा. गाद्या-कपड्यांनी भरलेल्या खोलीत आवाज घुमत नाही. आणि किती जणांनी पसंतीचा अंगठा दिला हे रात्री बारा वाजता मोजीत बसू नये. एक आकडा मोठा झाला तर दुसरा हवासा वाटतो. गाणे मात्र तेथेच राहते.

शेवटी एक विनंती. सिनेमाची गीते जगात कोट्यवधी वेळा जतन झालेली आहेत. आपण ती गायिली नाहीत तरी बुडणार नाहीत. परंतु भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्या अंगणात म्हटली जाणारी भुलाबाईची गाणी आणि आजीच्या जात्यावरच्या ओव्या कोण जतन करणार? हेमा राईरकर व गी पॉइत्व्हँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांत हिंडून एक लाखांवर ओव्या जमविल्या, आणि आज त्या इंटरनेटवर कोणासही वाचावयास मिळतात. त्यांत नसलेली एखादी ओवी आपल्या स्वयंपाकघरातही असेल. ज्या मोबाईलवर नात सिनेमाचे गीत गाते, त्याच मोबाईलवर तिने आजीस गाऊ द्यावे, आणि खाली आजीचे नाव, माहेरचे गाव व वर्ष लिहावे. त्या गीतांवर कोणत्याही कंपनीचा हक्क नाही. ती आपली आहेत.

म्हणून या संमेलनापुढे मी तीन सूचना ठेवतो. विवाह जुळविताना मुलीने गाणे सोडावे अशी अट कोणीही घालू नये आणि कोणीही मान्य करू नये. पुढील संमेलनात एक तास घरगुती गायनास द्यावा, आणि त्यात सुनांची नावे आधी घ्यावीत. प्रत्येक कुटुंबाने येत्या वर्षात घरातील वृद्ध स्त्रीचे किमान एक गीत ध्वनिमुद्रित करावे. यांस पैसा लागत नाही. केवळ घरातील वडिलांची संमती लागते. ती आपण आज येथे द्याल, अशी आशा बाळगून मी आपली रजा घेतो.