आधी कोपराचे माप

सुतारकाम-गृहसजावटीच्या व्यवसायातील माझ्या बंधू-भगिनींनो,

आज मला ‘मापाचे’ या एकाच शब्दाबद्दल बोलायचे आहे. आपल्या बहुतेक पाट्यांवर तो असतो. गिऱ्हाईक रंग निवडते, मुठी निवडते, सनमायका निवडते आणि आपण सांगतो, हे तुमच्या मापाचे किचन. पुष्कळदा ते कारखान्याच्या मापाचे असते.

सात फूट आठ इंचांची भिंत घ्या, म्हणजे 2337 मिलिमीटर. 600च्या तीन पेट्या आणि 450ची एक बसवली की 87 मिलिमीटर उरतात. तिथे आपण फिलरची पट्टी ठोकतो. ती साडेतीन इंचांची जागा कायमची गेली. त्या जागेत परात आणि पोळपाट उभे राहिले असते. मुंबईच्या फ्लॅटमध्ये तर भिंत गुण्यात नसते, कोपऱ्यात कॉलम पुढे आलेला असतो, डोक्यावर बीम. जागेवर माप घेऊन केलेले कपाट कॉलमला वळसा घालते आणि वर थेट बीमला भिडते.

पण भिंतीचे माप ही निम्मीच गोष्ट झाली. व्यवसायाच्या सुरुवातीला मी गिरगावातल्या एका काकूंचा ओटा केला. 100 मिलिमीटरचे स्कर्टिंग, 720ची पेटी, वर ग्रॅनाइट आणि त्याखालची फळी. झाला 34 इंच. महिन्याभराने एक बिजागरी घट्ट करायला गेलो, तर काकू पाटावर उभ्या राहून पोळ्या लाटत होत्या. उंची चार फूट दहा इंच. त्यांचे कोपर जमिनीपासून 36 इंचांवर भरले. लाटायला, मळायला ओटा कोपराच्या चार-पाच इंच खाली हवा. म्हणजे त्यांना 31चा हवा होता. दगड उचलला, पेट्या तीन इंचांनी कापल्या, खर्च मी सोसला. काकूंनी पाट परत देवघरासमोर नेऊन ठेवला. त्या दिवसापासून मी आधी कोपर मोजतो, मग भिंत.

ज्या मॉड्युलर किचनचे आपण नाव घेतो, त्याचे मूळही मोजण्यातच आहे. 1926 साली ऑस्ट्रियन वास्तुशिल्पी मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की यांनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखले. तशी सुमारे दहा हजार बसली. बाई किती पावले चालते, कामाला किती वेळ लागतो, हे बघून त्यांनी ते आखले होते. आपण त्यांच्या साच्याची परंपरा घेतली आणि मोजणे मात्र विसरलो.

आपले स्वयंपाकघर फ्रँकफर्टचे नाही. इथे फरशी पाणी ओतून धुतात, म्हणून पार्टिकल बोर्डाची पेटी खालून फुगते आणि फुगल्यावर स्क्रू धरत नाही. सिंकखाली आयएस 710चे मरीन प्लायच हवे, पायही पाण्याने न कुजणारे. कोकणात पावसाळ्यात सागसुद्धा आडवा फुगतो. फळी चौकटीच्या खाचेत मोकळी ठेवली नाही, तर दार अडकते. आणि वस्तूही आपल्या असतात. वर्षाच्या तांदळाची कोठी, लोणच्याच्या बरण्या, गणपतीत एकदाच निघणारी मोठी पातेली. बरणी हातात घेऊन मोजल्याशिवाय कप्प्याची उंची ठरवू नये, असे माझे ठाम मत आहे.

असे काम महाग पडते आणि वेळ जास्त लागतो, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे. मात्र हेही सांगावे की अशी पेटी दुरुस्त होते. शटर बदलता येते, कप्पा हलवता येतो, आणि उद्या घरात व्हीलचेअर आली तर ओट्याखालची एक पेटी काढून गुडघ्यांना जागा करता येते.

कारखान्याचे किचन विकणे गैर नाही. ते ‘मापाचे’ म्हणून विकणे गैर आहे.

माझी आपल्याला एकच विनंती आहे. उद्या मोजणीला जाल, तेव्हा जो त्या घरात रोज स्वयंपाक करतो, त्याला ओट्यापाशी उभे करा आणि वहीत पहिली ओळ त्याच्या कोपराच्या उंचीची लिहा.