विजयी संघ कसा घडतो?



बास्केटबॉलचा विजयी संघ कसा घडवावा, या विषयावर एका निवृत्त शाळामास्तरानें बोलावें, याचें आपणांस कदाचित् नवल वाटेल. परंतु ज्यांच्याविषयीं मी आज बोलणार आहें, ते जॉन वुडन हेहि मूळचे शाळामास्तरच होते. अमेरिकेंतील इंडियाना संस्थानांत १९१० सालीं त्यांचा जन्म झाला. शाळेंत इंग्रजी शिकवावें आणि मुलांचा खेळहि घ्यावा, असा त्यांचा आरंभींचा क्रम होता. पुढें १९४८ पासून १९७५ पर्यंत ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संघाचे शिक्षक होते. त्यांतील शेवटच्या बारा वर्षांत त्या संघानें अमेरिकन महाविद्यालयांचें अजिंक्यपद दहा वेळां मिळविलें, आणि त्यांपैकीं सात वेळां तर ओळीनें.

एवढें यश ज्यांच्या पदरीं पडलें, त्यांनीं आपल्या मुलांना कोणता मंत्र दिला असेल? त्यांनीं प्रथम मोजे घालावयास शिकविलें. हंगामाच्या पहिल्या दिवशीं त्या धिप्पाड तरुणांना बसवून, बोटांशीं व टांचेशीं सुरकुती न पडतां मोजा कसा ओढावा, बुटाचे बंद कसे आंवळावे, हें ते करून दाखवीत. सुरकुतीनें फोड येतो, फोडानें सराव चुकतो, आणि सराव चुकला म्हणजे खेळ बिघडतो, हें त्यांचें साधें गणित.

१९७४-७५ च्या हंगामांत थार्प व गॅलिमोर या दोन मानसशास्त्रज्ञांनीं सरावाच्या वेळीं बसून त्यांच्या बोलण्याची नोंद घेतली. त्यांतील सुमारें तीनचतुर्थांश बोलणें केवळ शिकविण्याचें होतें: काय करावें, कसें करावें. शाबासकी शेंकडा सातहि नव्हती, आणि रागावणेंहि तितकेंच थोडें.

हें वाचलें तेव्हां मला माझी एक चूक आठवली. आमच्या शाळेचा संघ एकदां अंतिम सामन्यापर्यंत पोहोंचला. शेवटच्या क्षणीं एका मुलाचा चेंडू जाळींत न पडतां कडीवर आदळला, आणि आम्ही एका गुणानें हरलों. मी त्याला सर्वांदेखत फार बोललों. चेंडू टाकतांना कोंपर कोठें असावें, पाय कसे रोवावे, हें मीं त्याला कधीं नीट शिकविलें होतें काय? नव्हतें. तो मुलगा पुन्हां खेळावयास आला नाहीं.

मुलाला वरचे गुण पडले नाहींत कीं त्याला अथवा शिक्षकाला दोष द्यावयाचा, ही पालकांची वृत्ति पाहून वुडन यांना उबग आला होता. म्हणून १९३४ सालीं त्यांनीं यशाची स्वतःची व्याख्या केली. आपल्याला जितकें उत्तम होतां येईल तितकें होण्यासाठीं आपण सर्व प्रयत्न केले, या जाणिवेंतून लाभणारें मनाचें समाधान म्हणजेच यश, असा तिचा आशय. कोणी म्हणेल, हें आळशी माणसाचें समाधान झालें. वस्तुतः ही कसोटी अधिक कठोर आहे. दुबळ्या प्रतिस्पर्ध्यापुढें वाईट खेळूनहि गुणफलकावर विजय मिळतो. या कसोटीवर तो विजय टिकत नाहीं.

या तत्त्वाची परीक्षा १९४७ सालीं झाली. वुडन तेव्हां इंडियानांतील एका शिक्षक-महाविद्यालयांत होते. त्यांच्या संघाला एका राष्ट्रीय स्पर्धेचें निमंत्रण आलें. परंतु तेथें कृष्णवर्णी खेळाडूंना मज्जाव होता. संघांत क्लॅरेन्स वॉकर नांवाचा एक कृष्णवर्णी विद्यार्थी होता. तो मुख्य पांचांतलाहि नव्हता. त्याला मागें ठेवून जाणें सोपें होतें. वुडन यांनीं निमंत्रणच नाकारलें. पुढील वर्षीं ती बंदी उठली, वॉकर त्या स्पर्धेंत खेळणारा पहिला कृष्णवर्णी खेळाडू ठरला, आणि संघ अंतिम सामना हरला. त्या पराभवाला अपयश कोण म्हणेल?

केवळ शिकवणीनें दहा अजिंक्यपदें मिळत नाहींत, हेंहि खरें. पुढें करीम अब्दुल-जब्बार या नांवानें गाजलेले ल्यू अल्सिंडर आणि बिल वॉल्टन यांच्यासारखे असामान्य खेळाडू त्यांना लाभले. परंतु पहिलें अजिंक्यपद त्यांच्यापूर्वीचें, १९६४ सालचें, म्हणजे लॉस एंजेलिस येथील सोळाव्या हंगामांतलें. त्या संघाच्या मुख्य पांच जणांत साडेसहा फूट उंचीचा एकहि नव्हता. तरी त्या हंगामांतील तीसहि सामने त्यानें जिंकले. ज्यानें चेंडू जाळींत टाकला, त्यानें तो देणाऱ्या सोबत्याकडे बोट दाखवून किंवा मान हलवून त्याचें ऋण मान्य करावें, असा वुडन यांचा दंडक होता. अशा संघांत एकट्याचा विजय असूंच शकत नाहीं.

पालकहो, मूल सामना खेळून घरीं आलें म्हणजे "जिंकलां का?" हाच प्रश्न आपल्या तोंडीं आधीं येतो. तो थोडा मागें ठेवावा. "आज काय नवें जमलें? तुला चेंडू कोणी दिला?" असें प्रथम विचारावें. त्या सायंकाळीं मीं माझ्या विद्यार्थ्याला तें विचारलें नाहीं. आपणांस ती संधि उद्यांहि आहे.