“थरामू, तुम्ही कधी जाणार?”

(मिशन रविवारच्या उपासनेनंतर एका शिक्षिका भगिनीने मंडळीपुढे केलेले भाषण)



“परदेशातील सेवेविषयी बोला,” असे मला सांगण्यात आले. सेवा हा शब्द मोठा आहे. मी तिथे इंग्रजी आणि गणिताच्या शिकवण्या घेतल्या, एवढेच. पण त्या मुलांवर माझा जीव जडला आणि त्या जिवापायी माझ्याकडून एक चूकही झाली. आज दोन्ही सांगते. मुलांची नावे मात्र घेणार नाही. त्यांच्यापैकी अनेकांचे नातलग अजून धोक्यात आहेत.

थायलंडच्या पश्चिम टोकाला मे सॉट नावाचे गाव आहे. बँकॉकहून रात्रभर बसने जावे लागते. गावापलीकडे मोई नदी आणि नदीपलीकडे म्यानमार. उन्हाळ्यात नदी इतकी आटते की काही ठिकाणी माणसे चालत पार होतात. त्या बाजूच्या डोंगरांत कारेन लोक राहतात. अनेक दशके तिथे लढाई चालू आहे आणि 2021 सालच्या लष्करी उठावानंतर ती आणखी भडकली. आईबाप मुलांना नदीपार पाठवतात किंवा स्वतः मुलांना घेऊन येऊन मक्याच्या शेतांत, कारखान्यांत राबतात. अशा चाळीसएक मुलांच्या एका वसतिगृहात मी राहत होते.

आपल्या मंडळीला हे लोक परके वाटायला नकोत. 1812 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील सेलम येथे पाच तरुणांची एकाच वेळी दीक्षा झाली. त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 साली मुंबईला पोहोचले आणि आपले मराठी मिशन सुरू झाले. त्यांचेच सोबती अडोनिराम जडसन त्याच वर्षी रंगूनला उतरले. पुढे त्या मिशनमधील जोनाथन वेड यांनी कारेन भाषेला लिपी दिली. म्हणजे एकाच घरातून निघालेले दोन दिवे. एक आपल्याकडे आला, एक त्यांच्याकडे गेला.

पहिल्या संध्याकाळी मुले माझ्याभोवती बसली. नऊ-दहा वर्षांच्या एका मुलाने हात वर केला. मला वाटले, नाव विचारेल, देश विचारेल. तिथल्या कारेन शिक्षिकेने हसत हसत त्याचा प्रश्न मला सांगितला आणि सांगता सांगता तिचे हसू थांबले. तो विचारत होता, “थरामू, तुम्ही कधी जाणार?”

थरामू म्हणजे शिक्षिका, बाई. त्या मुलाने आजवर किती थरामू येताना आणि जाताना पाहिल्या असतील, ते त्या एका प्रश्नात होते. मी म्हणाले, “आत्ताच तर आलेय!” आणि विषय बदलला.

मी पूर्वी जव्हारकडे वारली मुलांना शिकवत असे. तिथे पहिले वर्ष मी वाया घालवले होते. मूल गप्प बसले की मला वाटे, त्याला येत नाही. खरे तर त्याला माझी पुस्तकी मराठी येत नव्हती आणि मला त्याची वारली येत नव्हती. इथे ती चूक करायची नाही, असे ठरवून गेले होते. रोज मुलांकडून पाच कारेन शब्द शिकायचे आणि मग पाच इंग्रजी शब्द शिकवायचे, असा नेम केला. कारेन भाषेत सूर बदलला की अर्थ बदलतो. मी एखादा शब्द चढ्या सुरात म्हटला की सगळा वर्ग पोट धरून हसे. बाईंना चुकताना पाहिले की मुलांनाही चुकायची भीती उरत नाही. दीड महिन्यात मागच्या रांगेतली मुकी पोरगी मला उच्चार सुधारून सांगू लागली, तेही कमरेवर हात ठेवून!

सकाळी कुणी भेटले की तिथे विचारतात, “जेवलीस का?” अगदी आपल्यासारखे. बांबूचे कोंब घातलेली भाताची पेज पुढे आली तेव्हा मला जव्हारचे वास्ते आठवले आणि डोळे भरून आले. ताप आला तेव्हा त्या मागच्या रांगेतल्या पोरीने रात्रभर माझ्या दाराशी चटई टाकली होती. ज्या मुलीची आई नदीपलीकडे होती, ती माझी आई होऊन बसली होती.

माझी मुदत संपली. निघताना तोच मुलगा फाटकाशी उभा होता. या वेळी त्याने काहीच विचारले नाही. मीच म्हणाले, “पावसाळा संपला की येते हं.”

बंधुभगिनींनो, तो शब्द मला पाळता आला नाही. घरी आई आजारी पडली, मग पैशांची अडचण आली. मी पुन्हा गेले ती चौदा महिन्यांनी. तोवर तो मुलगा वसतिगृह सोडून गेला होता. वडिलांना दुखापत झाली म्हणून तो मक्याच्या शेतावर काम करू लागला होता. माझ्यामुळे तो गेला असे मी म्हणत नाही. त्याला भुकेने नेले. पण तिथल्या शिक्षिकेने सांगितले, “पाऊस थांबल्यावर तो रोज संध्याकाळी फाटकापर्यंत जाऊन यायचा. महिनाभर गेला. मग थांबला.”

मी त्याला शेतावर भेटायला गेले. उंच झाला होता. कणसांची टोपली खाली ठेवून त्याने हात जोडले आणि पुन्हा तोच प्रश्न केला, “कधी जाणार?” या वेळी मी विषय बदलला नाही. “बारा मार्चला,” म्हणाले. “आणि पुन्हा कधी येईन, ते मला माहीत नाही.” त्याने मान हलवली, टोपली उचलली आणि कामाला गेला. त्यानंतर दोन रविवार तो वर्गात येऊन बसला. भागाकार विसरला नव्हता.

तेव्हापासून मी हे शिकले: मुलांवर प्रेम करणे सोपे आहे, कारण ती आधी आपल्यावर प्रेम करतात. त्यांना खरी तारीख सांगणे कठीण आहे.

आणि दुसरे शिकले ते त्या कारेन शिक्षिकेकडून. तिचे बालपण मे ला छावणीत गेले. ती छावणी 1984 पासून उभी आहे. बांबूची घरे, पानांचे छप्पर, परवानगीशिवाय बाहेर पडायची सोय नाही. ती तिथेच शिकली आणि आता या मुलांना शिकवते. तिला कुणी “कधी जाणार?” असे विचारत नाही. पण तिचा पगार कधी येतो, कधी दोन-दोन महिने येत नाही. माझ्या विमानाच्या तिकिटाला पैसे जमले आणि तिच्या पगाराला जमले नाहीत, ही गोष्ट मला टोचते.

आपल्याकडेही वेगळे नाही. दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याची कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. मुलेही जातात आणि शाळेतली त्यांची जागा रिकामी पडते. पावसाच्या तोंडावर ती परत येतात तेव्हा पाड्यावर त्यांच्या भाषेत “आलास का रे?” म्हणणारे ओळखीचे माणूस लागते. वर्षातून एकदा खाऊ वाटून, फोटो काढून जाणारे आपण ते माणूस होऊ शकत नाही.

म्हणून माझी विनंती साधी आहे. जे तिथेच राहतात त्या शिक्षकांना हात द्या. रक्कम छोटी असू द्या, पण दर महिन्याला न चुकता असू द्या. ज्यांना स्वतः जाऊन शिकवायचे आहे त्यांनी जरूर जावे. जीव लावावा, भरपूर लावावा. फक्त पहिल्याच दिवशी मुलांना जाण्याची तारीख सांगावी आणि पाळता येणार नाही असा शब्द देऊ नये.

त्या मुलासाठी आणि दाराशी चटई टाकणाऱ्या त्या पोरीसाठी प्रार्थना करा. नावे प्रभूला ठाऊक आहेत.